दोन तासांत संपणाऱ्या इंडी (छोट्या, स्वतंत्र निर्मात्याच्या) गेमची स्टीमवर (कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात) किंमत किती ठेवावी?

तासाला अमुक रुपये हा हिशोब सोडा. तुमच्याच प्रकारचे, तेवढ्याच लांबीचे आठ-दहा गेम काढून त्यांची मूळ किंमत बघा, सेलमधली नव्हे. नकारात्मक रिव्ह्यू तर वाचाच. ‘एवढ्या पैशांत इतकंच?’ ही तक्रार कुठल्या किमतीपासून सुरू होते ते तिथेच कळतं. माझ्या मते ५ ते ७ डॉलर रास्त.

खरी मेख रिफंडची. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे स्टीम परत देतं, म्हणजे तुमचा गेम जवळजवळ संपवूनही रिफंड मागता येतो. म्हणून लांबी स्टोअर पेजवर आधीच स्पष्ट लिहा.

डॉलरची किंमत सरळ रुपयांत गुणू नका, भारतासाठी स्टीम सुचवतं तीच घ्या. आणि सुरुवातीलाच किंमत फार कमी ठेवू नका: नंतर ती वाढवली की पुढचे ३० दिवस सूट देता येत नाही.