रॉयल एनफिल्डच्या 2016 च्या हिमालयन बाइकला फॉग लाइट आणि यूएसबी चार्जर लावायचाय, आधी काय तपासू?

लाइट घ्यायच्या आधी शे-पाचशेचा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) घ्या, खरंच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे आणि गाडी चालू करून 4000 आरपीएमला नेली की 14 च्या जवळपास. 13.5 च्या खालीच अडकत असेल तर लाइट राहू द्या, आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज काबूत ठेवणारा) आणि स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) यांचे कनेक्टर उघडून बघा, तपकिरी झालेलं किंवा वितळलेलं प्लास्टिक म्हणजे तिथे काँटॅक्ट सैल होऊन गरम होतोय.

अर्थिंग तर सगळेच विसरतात! बॅटरीची निगेटिव्ह वायर चॅसीला जिथे बोल्टने लागते ती जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, वरून थोडं ग्रीस लावा, कोकणातल्या पावसात फिरलेल्या गाडीला तर हे करायलाच हवं, कारण अर्धे विचित्र प्रॉब्लेम तिथेच मिटतात.

आता फॉग लाइट. 40 वॅटची जोडी म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर, हा लोड हँडलबारच्या स्विचमधून कधीच नेऊ नका, रिले लावा, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून वीतभर अंतरातच 7.5 अँपिअरचा फ्यूज, मग रिलेची 30 नंबरची पिन (हे नंबर रिलेवर छापलेले असतात), 87 वरून लाइट, 85 अर्थला, आणि 86 ला सप्लाय इग्निशन ऑन झाल्यावरच येणाऱ्या वायरीतून स्विचमार्गे. चार्जरपण इग्निशनवरच घ्या, नाहीतर उभ्या गाडीत तो बॅटरी पीत राहतो. आणि प्लीज, वायरी सोलून पिळून टेप मारणाऱ्याकडे गाडी देऊ नका, क्रिम्प करून (टर्मिनल पकडीने दाबून बसवून) हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) लावणारा शोधा.