"आईला सांगू नको" म्हणाला म्हणून मी पण गप्प बसू का?

(पत्र थोडं छोटं केलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

"मावशी, माझा धाकटा भाऊ पंधरा वर्षांचा आहे. मोबाईल चोरीच्या केसमध्ये दोन मोठ्या पोरांबरोबर पकडला गेला, तेव्हापासून रिमांड होममध्ये आहे. मागच्या भेटीला तो माझ्याशी धड बोलेना, खाली मान घालून बसला होता. मग हळूच म्हणाला की रात्रीच्या ड्युटीचे सर त्याला चादरी मोजायला म्हणून स्टोअररूममध्ये बोलावतात, आणि तो आता दोन पँट एकावर एक घालून झोपतो. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला आईला सांगू नको. मामा म्हणतो गप्प राहा, पुढच्या तारखेला जामीन होईल, आता तक्रार केली तर तिथले लोक रिपोर्ट खराब देतील, आणि मुलगा आहे, मुलगी थोडीच आहे. तारखेला अजून तीन आठवडे आहेत. थांबू का?"

नाही गं, अजिबात थांबू नकोस. तीन आठवड्यांत त्या माणसाच्या किती नाइट ड्युट्या येतात तेवढा एकच हिशोब मामांना करून दाखव.

पोरगा दोन पँट घालून झोपतोय कारण रात्री त्याला वाचवायला तिथे दुसरं कोणी नाहीये, आणि तरी त्याने तुला सांगितलं, ते पण कुठे, तर जिथे चार माणसं ऐकतायत अशा भेटीच्या खोलीत. त्या खोलीत नक्की काय झालं ते मला माहीत नाही, तुलाही नाही, आणि आज ते माहीत असायची गरजही नाहीये. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ मध्ये सरळ लिहिलंय की असा गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी नुसती भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. कळवणाऱ्याने पुरावा गोळा करून आणायचा असं कुठेही म्हटलेलं नाही, ते काम पोलिसांचं. चांगल्या हेतूने माहिती दिली आणि पुढे तपासात काही निघालं नाही तरी तुझ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे. उलट माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं असं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे साहेबाने उद्या "आमच्या आमच्यात मिटवतो" म्हटलं तर तो तुझ्यावर मेहेरबानी करत नाहीये, स्वतः गुन्ह्यात अडकतोय.

आता मामांचं "मुलगा आहे, मुलगी थोडीच आहे". हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता ऐकलं की संताप होतो. पोक्सोमध्ये मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं कोणीही, मुलगा काय, मुलगी काय. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांत पाहणी केली होती, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला आणि त्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. मुलग्यांना त्रास होतो, फक्त घरात कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी "तू मुलगा ना, ढकलून द्यायचं की" एवढंच ऐकायला मिळतं. बरं, ढकलणार कोणाला? ज्याच्याकडे किल्ल्या आहेत, जेवण ज्याच्या हातात आहे, ज्याच्या एका वाक्याने रिपोर्ट बदलेल असं पोराला वाटतं, त्याला? म्हणूनच रिमांड होमच्या, निरीक्षणगृहाच्या कर्मचाऱ्याने तिथल्या मुलाशी असं काही केलं तर कायदा तो गुन्हा जास्त गंभीर धरतो, आणि त्यातल्या सगळ्यात वाईट प्रकाराला २०१९ पासून कमीत कमी वीस वर्षांची शिक्षा आहे.

जामिनाची भीती मात्र मला समजते, कारण पोर परत घरी यावं एवढंच तुम्हाला हवंय. पण चोरीची केस वेगळी आणि ही तक्रार वेगळी. चोरीत तो विधी संघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल आहे, इथे तो पीडित आहे, आणि एकामुळे दुसरीत त्याचा हक्क कमी होत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम १२ तुझ्या वकिलाला दाखव, त्यात मुलाला जामीन द्यायचा हाच नियम आहे, नाकारायचा तर कारणं ठरलेली आहेत, त्यातलं एक म्हणजे सोडल्यामुळे मुलाला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होणार असेल तर. इथे तर धोका आत आहे! ही गोष्ट बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे जिथे त्याची चोरीची केस चालते तिथे, लेखी गेली तर जामिनाचा अर्ज लवकर ऐकायला तेच सगळ्यात मोठं कारण ठरतं, आणि जामीन लगेच नाहीच झाला तरी दुसऱ्या संस्थेत हलवा असं मागता येतं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, मुलांना आणि बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हेल्पलाईन १५१००.

अर्ज कोणाला द्यायचा ते नीट वाच. रिमांड होमच्या अधीक्षकाकडे एकटी जाऊन तोंडी सांगू नकोस, कदाचित तो भला माणूस असेलही, पण आरोप त्याच्याच माणसावर आहे आणि त्या रात्री ड्युटी त्यानेच लावलीय. तक्रार त्या इमारतीच्या बाहेर जायला हवी, आणि कागदावर. बाल न्याय मंडळाच्या मॅजिस्ट्रेटच्या नावाने साधा अर्ज लिही, मराठीत, एक पानाचा. अमुक तारखेला भेटीत माझा भाऊ मला हे म्हणाला, असं लिहून त्याचे शब्द जसेच्या तसे टाक, चादरी, स्टोअररूम, रात्रीचे सर, दोन पँट. तुझा अंदाज, तुझा राग त्यात नको. खाली मागण्या: त्या कर्मचाऱ्याला आजपासून मुलांपासून दूर ठेवा, भावाशी मंडळाने एकट्याने बोलावं, त्याची तपासणी व्हावी, आणि तक्रार केली म्हणून त्याला वेगळ्या खोलीत कोंडू नये. ही शेवटची मागणी विसरू नकोस, कारण "त्याच्याच सुरक्षेसाठी" म्हणून पोराला एकटं ठेवतात, खेळायला सोडत नाहीत, बाकी पोरं त्याच्याकडे बघून कुजबुजतात, आणि मग पोराला वाटतं सांगितलं म्हणून मलाच शिक्षा झाली. हलवायचं तर त्या माणसाला हलवा. अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस, कोणी "ठेवून जा, बघतो" म्हणालं तरी.

त्याच दिवशी पोलीस स्टेशन. तिथे बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचार, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक पण असतं. तू सांगशील ते लिहून घेऊन तुला वाचून दाखवायचं असतं आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची असते. "आधी अधीक्षकांचं पत्र आणा", "ते आमच्या हद्दीत नाही" असलं काही ऐकू नकोस, हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो. नाहीच घेतलं तर तोच मजकूर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, शहरात असशील तर आयुक्तांना पाठव आणि पावती जपून ठेव. आणि एकटीने पोलीस स्टेशनची पायरी चढायची भीती वाटत असेल, वाटणारच, तर आधी १०९८ ला फोन कर, मुलांसाठीची हेल्पलाईन, चोवीस तास चालू असतं, पैसे लागत नाहीत. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची जिल्ह्याची समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं, आणि समितीकडून एक सहाय्यक व्यक्ती मिळते, जी केस संपेपर्यंत मुलाबरोबर राहते. ती आवर्जून मागून घे.

भावाचा जबाब घेताना अधिकारी युनिफॉर्ममध्ये नको, तो माणूस समोर येता कामा नये, आई किंवा ज्याच्यावर पोराचा विश्वास आहे ते माणूस शेजारी असावं, हे सगळं कायद्यात आहे. जबाब त्याच रिमांड होमच्या ऑफिसात घेऊ देऊ नका, जागा मुलाच्या पसंतीची मागता येते. दवाखान्याचं तर आधीच बघायला हवं. सरकारी असो की खाजगी, त्यांनी उपचार फुकट आणि लगेच द्यायचे, एफआयआर नसली तरी. शेवटचा प्रकार तीन दिवसांच्या आतला असेल तर एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या सुरू करता येतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही, म्हणून घाई करायला सांगतेय. तीन दिवस उलटून गेले असले तरी तपासणी करायचीच. आणि भेटीच्या दिवशी तो कपडे धुवायला घरी देत असेल तर ते धुवू नका, कोरड्या कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही, आणि पोलिसांना द्या.

आता भावाशी कसं बोलायचं. पुढच्या भेटीत खोदून खोदून विचारू नकोस, "अजून काय केलं, किती वेळा" हे प्रश्न जबाब घेणाऱ्याचे आहेत, तुझे नाहीत. तुझी वाक्यं दोनच: माझा विश्वास आहे तुझ्यावर, आणि यात तुझी चूक नाही. त्याला न विचारता सगळं उरकलं असं त्याला वाटायला नको, म्हणून सांग की मी हे मोठ्या साहेबांना कळवतेय कारण तू रात्री नीट झोपावंस. तो चिडेल, कदाचित म्हणेल मी खोटं बोललो, असं काही नव्हतंच. तसं म्हणाला तर धसका घेऊ नकोस आणि त्याच्यावर ओरडूही नकोस, परत त्याच इमारतीत रात्र काढायची असते तेव्हा मुलं असं बोललेलं मागे घेतात. आईला मात्र सांगावं लागेल, कागदांवर सही तिची लागेल, पण आधी त्याला सांग की आईला सांगतेय, आणि आई त्याच्यासमोर रडणार नाही एवढं तिच्याकडून कबूल करून घे. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढू नकोस, घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक शब्द टाकू नकोस. अशा मुलाची ओळख बाहेर फोडणं हाच गुन्हा आहे, आणि अशी गोष्ट एकदा फिरली की त्याच्या शाळेपर्यंत जाते.

तू विचारलेलं नाहीस, पण हे पत्र वाचणाऱ्यांत रिमांड होममध्ये, बालगृहात काम करणारे काळजीवाहक, शिक्षक, प्रोबेशन ऑफिसर पण आहेत म्हणून लिहिते. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर अत्याचार होत होते, ते प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं ते कशामुळे आठवतंय? आपल्या मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची, टिसची, कोशिश नावाची टीम बिहारमधल्या संस्थांचं ऑडिट करत फिरत होती आणि ती माणसं मुलींशी बोलली. त्याआधी तिथे अधिकारी येत नव्हते असं नाही, येत होते, आणि २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टाने दोषी ठरवलेल्यांमध्ये संस्था चालवणाऱ्याबरोबर बाल संरक्षण अधिकारी आणि बाल कल्याण समितीची माणसं पण होती. कायद्यात तपासणी भरपूर आहे, बाल न्याय मंडळाने महिन्यातून एकदा भेट द्यायची, तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा, त्या समितीत एक बाई आणि एक डॉक्टर हवाच. पण साहेब बाजूला उभा असताना पोरांना ओळीने उभं करून "काही त्रास आहे का" विचारलं तर कुठलं पोर हात वर करणार आहे? मुलाला एकट्याला, खोलीबाहेर कान लावून कोणी नाही अशा जागी बसवून बोलल्याशिवाय त्या भेटीला काही अर्थ नाही. तक्रारपेटी कुठे आहे ते बघा, ऑफिसच्या दाराशी असेल तर त्यात कोणी चिठ्ठी टाकत नाही, आणि किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. बारा वर्षांचं पोर आणि सतरा वर्षांचा दांडगा एका हॉलमध्ये झोपत असतील तर ते नियमाला धरून नाही, वयाप्रमाणे वेगळं ठेवायचं असतं. रात्री एकच माणूस ड्युटीवर असेल आणि स्टोअररूमची, बाथरूमच्या बोळाची किल्ली त्याच्याच खिशात असेल तर हे लेखी कळवा, "आपल्याला काय करायचंय, आपण कंत्राटी" म्हणू नका, कळवायची जबाबदारी कंत्राटी माणसावर पण आहे. पोरगं अचानक अंथरूण ओलं करायला लागलं, एका ठराविक माणसाच्या ड्युटीला आजारी पडायला लागलं, आंघोळ टाळायला लागलं, की आधी ड्युटीचं रजिस्टर काढून तारखा जुळवून बघा.

आणि तू, आज रात्रीच अर्ज लिहून ठेव, लिहिताना हात थरथरला तरी चालेल, खाडाखोड झाली तरी चालते. सकाळी आईला बरोबर घे, मामा आले तर उत्तम, नाही आले तर त्यांच्यासाठी थांबू नका. भावाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, केसचा नंबर आणि अर्जाच्या दोन कॉपी घेऊन जा. मंडळाची बैठक रोज नसते, त्या दिवशी नसली तर अर्ज मंडळाच्या ऑफिसात देऊन सरळ पोलीस स्टेशनला जा. शिक्क्याची कॉपी हातात पडली की मला दोन ओळी लिही, कुठे अडलं तर कोणी काय म्हणालं ते नावासकट वहीत लिहून ठेव आणि तेही कळव.