आई ‘घरीच असते’ म्हणजे काय करते?

‘ताई, मी सोलापूरचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ४ लाखांचं एज्युकेशन लोन आहे. वर्षाला १ लाख सुटतात, ते बँकेतून थेट कॉलेजला जातात आणि फीमध्येच संपतात. होस्टेलला नंबर लागला नाही म्हणून कॉट बेसिसवर राहतो. भाडं ४,५००, मेस ३,२००. वडील यंत्रमागावर आहेत, महिन्याला ५,००० पाठवतात. आई घरीच असते, थोड्या विड्या वळते. घर कुंभारीला घरकुलात आहे, त्याला भाडं नाही एवढंच बरं. उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाला म्हणून फीची सवलत गेली, दुसरी कुठली शिष्यवृत्ती मला लागू होत नाही. दोन महिने झाले, रात्रीची मेस बंद केलीय. रूममधल्या पोरांना वडील टेक्स्टाईल लाइनमध्ये आहेत एवढंच माहीत आहे, त्यामुळे त्यांच्याकडे मागता येत नाही. एक मित्र म्हणतो ॲपवरून कर्ज घे, पाच मिनिटांत मिळतं. नाहीतर वर्षभर ड्रॉप घेऊन एमआयडीसीत कामाला लागावं असं वाटतंय. काय करू?’

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. उपाशी झोपणाऱ्या पोराचं कुणाला वाटणार नाही? दुसऱ्या वेळी एका वाक्यापाशी अडकले आणि मग तुझी दया यायची थांबली.

‘आई घरीच असते, थोड्या विड्या वळते.’

थोड्या म्हणजे किती रे? सोलापुरात विडीची मजुरी हजारावर मोजतात, हे पूर्व भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, कात्रीने मापात कापायचं. मग सूप मांडीवर घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू, वळण, तोंड मुडपणं, दोरा. हे हजार वेळा. वर कारखान्यात माल द्यायला जायचं, तिथे हाताळून बघतात आणि नापसंत विड्या छाटून बाजूला काढतात. त्यांचे पैसे नाहीत. तू बारावीचा अभ्यास करत होतास तेव्हा त्याच खोलीत हे सगळं चालू होतं. आणि दीड पानाच्या पत्रात तिच्या वाट्याला आलं अर्धं वाक्य, त्यातही ‘थोड्या’.

मी बँकेत काउंटरवर आयुष्य काढलंय, म्हणून पैज लावून सांगते. लोनच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता आणि त्यात तू ‘गृहिणी’ लिहिलंस. कॉलेजच्या फॉर्मवरही तेच. चुकत असेन तर कान पकडीन. पण असे फॉर्म माझ्या हाताखालून इतके गेलेत की पोरगा लिहिताना कुठे थांबतो, पेन कुठे दोन सेकंद वर राहतं, ते मला न बघता कळतं.

आता तुझ्या कामाचं ऐक. ‘दुसरी कुठली शिष्यवृत्ती लागू होत नाही’ असं तू लिहितोस. कुणी सांगितलं तुला? केंद्राच्या श्रम मंत्रालयाची, विडी कामगारांच्या मुलांसाठीच असलेली शिक्षण मदत आहे. पहिलीपासून सुरू होते. पहिलीतल्या पोराला वर्षाला १,००० आणि इंजिनिअरिंग, मेडिकल, एमबीए अशा व्यावसायिक कोर्सला वर्षाला २५,०००. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, पैसे विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात. आईने किमान सहा महिने हे काम केलेलं असावं लागतं, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि तिचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर ही मिळत नाही, पण तू तर एकही घेत नाहीस.

हिशोब कर. भाडं आणि मेस मिळून ७,७००. वडिलांचे ५,००० वजा केले की महिन्याला २,७०० कमी पडतात. कॉलेजचे दहा महिने धरले तर २७,०००. त्यातले २५,००० तुझ्या आईच्या कार्डावर पडून आहेत, आणि तू २,००० च्या खड्ड्यासाठी ड्रॉप घ्यायला निघालायस.

हे तुला माहीत नव्हतं, मान्य. पण का माहीत नव्हतं? माहीत करून घ्यायचं तर आधी ‘विडी कामगार’ हे दोन शब्द मोबाईलमध्ये टाइप करावे लागले असते. आजूबाजूला रूममधली पोरं. त्यांना वडील ‘टेक्स्टाईल लाइनमध्ये’ आहेत हे माहीत. (शब्द मात्र झकास शोधलास. आपल्याकडे टॉवेल परदेशी पाठवणारा मालकही टेक्स्टाईल लाइनमध्ये आणि कांडी भरणारी बाईही.)

आणि ते घर. ‘भाडं नाही एवढंच बरं’ म्हणतोस. का नाही भाडं? नुसतं ‘घरकुल’ म्हणून चालणार नाही, त्याचं नाव विडी घरकुल आहे. कुंभारीची ती १०,००० घरं विड्या वळणाऱ्या बायकांसाठी झाली, मोर्चे काढून, वर्षानुवर्षं झगडून मिळवलेली. २००६ मध्ये खुद्द पंतप्रधान त्यांच्या चाव्या द्यायला आले होते. तुझ्या डोक्यावरचं छप्पर आईच्या त्याच ‘थोड्या’ विड्यांवर उभं आहे.

माझाही एक हिशोब राहिलाय, तो इथे सांगते. आमच्या शाखेत अंगठा लावायचं मशीन नवं आलं होतं. एक बाई पैसे काढायला आली. अंगठा लावला, मशीन नाही म्हणालं. पदराला पुसून परत लावला, परत नाही. चार वेळा झालं. मी तिचा हात ओढून बघितला. अंगठ्याचं टोक गुळगुळीत, नखाची कड तंबाखूने पिवळी, रेघा म्हणून नाहीतच. मागे रांग वाढत होती. मी म्हणाले, ‘उद्या या, साहेब असतील.’ ती गेली. उद्या म्हणजे तिची अर्ध्या दिवसाची मजुरी, हे मला रात्री जेवताना सुचलं. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. म्हणजे बाईचा हात दिसूनही न बघणारा तू एकटा नाहीस. फरक इतकाच की माझी ती कुणी लागत नव्हती.

ॲपचं नाव परत काढू नकोस. पाच मिनिटांत मिळणारं कर्ज फोनमधले सगळे नंबर घेऊन जातं आणि हप्ता चुकला की ज्या पोरांपासून तू लपवतोयस त्यांनाच पहिला फोन करतं. ड्रॉपचंही तेच सांगेन. एक वर्ष म्हणून कामाला लागलेली पोरं परत वर्गात बसलेली मी फार थोडी पाहिलीत. हातात पगार पडायला लागला की पुस्तक जड होतं.

बँकेचं मात्र एक काम आहे आणि ते तुझ्या वडिलांच्या भीतीमुळे अडलं असावं असा माझा अंदाज आहे. ४ लाखांच्या वर जामीनदार मागतात, असं ऐकून ते तिथेच थांबले असतील. आपल्याकडची माणसं दुसऱ्याला जामीन राहायला सांगण्यापेक्षा उपास काढतील. पण ७.५ लाखांपर्यंतच्या एज्युकेशन लोनला तारण आणि तिऱ्हाईत जामीनदार न घेता बँकेला सरकारची हमी मिळावी, अशी योजना २०१५ पासून आहे. आणि लोन म्हणजे फक्त फी, हेही खरं नाही. बँकांच्या मॉडेल योजनेत बाहेर राहावं लागलेल्या विद्यार्थ्याचा राहण्या-जेवणाचा वाजवी खर्च धरता येतो. पहिल्या वर्षी खर्चाचा अंदाज देताना तुम्ही फक्त कॉलेजच्या फीचा कागद जोडला असणार, म्हणून बँकेने तेवढाच धरला. होस्टेल मिळालं नाही असं कॉलेजचं पत्र, भाड्याची पावती, मेसचं बिल घेऊन शाखेत जा आणि मर्यादा वाढवून द्या असा लेखी अर्ज दे. तोंडी विचारलंस तर तोंडीच ‘नाही’ येतं, मी स्वतः दिलेलं आहे. पण वाढवलेला पैसा फेडायचा तुलाच आहे आणि व्याज पैसा सुटल्या दिवसापासून चढतं, म्हणून गरजेपुरताच माग. त्याआधी आईचं कार्ड.

शनिवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकड आणि घरी ये. रविवारी सकाळी ती सूप घेऊन बसेल तेव्हा समोर बस आणि कार्ड माग. कशाला हवं म्हणून विचारेल. तेव्हा रात्रीची मेस बंद केल्याचंही सांगून टाक. रडेल, रागावेल, ते तुम्हा दोघांचं तुम्ही बघा. कार्डावर कारखान्याची नोंद नीट आहे का, नाव आधारशी जुळतं का, ते तिथेच तपास, कारण नावातल्या एका अक्षरावरून अर्ज परत येतात. मागच्या वर्षाची मार्कशीट आणि फीची पावती बरोबर आण. आणि तो उशिरा आलेला उत्पन्नाचा दाखला बाहेर काढ, मुदतीत असेल तर आता कामाला येईल. यंदाच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र शनिवारची वाट न बघता आजच पोर्टलवर बघ. अर्ज भरला की कॉलेजमध्ये पडताळणी होते, तिथल्या क्लार्कच्या मागे लागावं लागेल. तोही तुझ्या फॉर्मवर ‘विडी कामगार’ वाचेल. वाचू दे.

पैसे यायला महिने लागतात, म्हणून रात्रीचं जेवण तोवर थांबायला नको. रूममधल्या एकाला, ज्याच्याशी तुझं जरा बरं आहे त्याला, बाजूला घे आणि महिन्याच्या मेसपुरते पैसे उसने माग. कारण विचारलं तर खरं सांग. वडील मागावर, आई विड्या वळते, फॉर्म भरलाय, पैसे आले की देतो. मागून बघ, चार जणांत एक तरी देईल.

मेस आज रात्रीपासून सुरू कर. फॉर्म भरून झाला की मला दोन ओळी लिही, आणि त्यात आई दिवसाला किती विड्या वळते तो आकडा लिही. तिलाच विचारून.