इंग्रजी वाचता येतं, मग फोनवर का कळत नाही?

पत्र: सर, मी मूळची बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. आठ महिन्यांपूर्वी पुण्यात खराडीला एका कंपनीत अकाउंट्स पेयेबलच्या, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करण्याच्या, प्रोसेसला लागले. क्लायंट इंग्लंडचा आहे. ईमेल मी व्यवस्थित लिहिते, टीम लीडही तसं म्हणतात. पण दर सोमवारच्या कॉलवर क्लायंट बोलायला लागला की निम्मं डोक्यावरून जातं. चालू घडामोडी आणि इंग्रजी दोन्ही होतील म्हणून सहा महिने रोज तासभर इंग्रजी न्यूज चॅनल लावते, काही फरक नाही. ॲक्सेंट ट्रेनिंगचा पंचवीस हजारांचा क्लास लावू का? बाबा म्हणतात, नोकरी सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस.

उत्तर: आधी क्लासचं सांगतो. पैसे भरू नकोस. तो क्लास तुझी जीभ वळवायला शिकवेल, आणि तुझी अडचण कानाची आहे.

तुझ्या पत्रातला एक शब्द मला खटकला. तू चॅनल 'लावते' म्हणतेस, 'ऐकते' म्हणत नाहीस. बहुधा भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मागे आठ माणसं एकमेकांवर ओरडत असतील. तसली चर्चा मराठीत असली तरी कळत नाही, ती इंग्रजीत कुठून कळणार? शिवाय रोज तासभर असं चालू राहिलं की जे कळलं नाही ते सोडून द्यायची कानाला सवय लागते. मग सोमवारच्या कॉललाही तो तेच करतो.

क्लायंटचे शब्द तुला येत नाहीत असं नाही. तेच शब्द ईमेलमध्ये तू रोज लिहितेस. एखादा परदेशी माणूस पुस्तकातून मराठी शिकला आणि 'तू कुठे गेला होतास?' हे त्याने घोकून पाठ केलं. बार्शीच्या एसटी स्टँडवर कुणी त्याला 'कुठं गेल्तास?' म्हटलं की तो बावचळणार. त्यात नवा शब्द एकही नाही, फक्त ते एकमेकांत मिसळून गेलेत. तुझा क्लायंट हेच करतो. 'वी शुड हॅव सेंट इट आउट' हे त्याच्या तोंडून 'वी शुडव् सेंटिटाउट' असं येतं, आणि तू मात्र सहा सुटे शब्द यायची वाट बघत बसतेस.

म्हणून एक वही कर. दिवसाला वीस मिनिटं पुरेत. एका मिनिटाचा तुकडा घे, थांबवत थांबवत ऐक आणि जे कानावर पडेल ते देवनागरीत लिही. स्पेलिंगच्या भानगडीत पडू नकोस, अर्थही लावू नकोस. कळलं नाही तर नुसता आवाज लिही. चार वेळा ऐकून झालं की मगच छापील मजकूर उघड आणि शेजारी ठेवून ताडून बघ. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने वहीत 'हाफनावर' असं लिहिलं होतं. मजकुरात निघालं 'हाफ ॲन आवर'. अर्धा तास हा शब्द त्याला पाचवीपासून माहीत होता, पण तो असा ऐकू येतो हे त्या दिवशी कळलं. तुझ्या वहीत असे 'हाफनावर' जमायला लागले की त्यांच्याभोवती लाल पेनने गोल कर आणि तेवढेच पुन्हा ऐक.

त्यासाठी मजकूर सोबत असलेलं साहित्य हवं. तुझा क्लायंट इंग्लंडचा, तेव्हा बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम घे. दर भाग सहा मिनिटांचा, विषय बऱ्याचदा ताजे, आणि खाली संवाद लिहिलेला असतो, एखादा शब्द इकडेतिकडे असू शकतो. त्यांचीच 'इंग्लिश ॲट वर्क' नावाची ऑफिसातली मालिका आहे. प्लास्टिकची फळं विकणारी लंडनची कंपनी, जरा बालिश वाटेल, पण मीटिंगमध्ये मध्येच कसं बोलायचं, नकार कसा द्यायचा, हे त्यात नीट ऐकायला मिळतं.

बातम्या सोडू नकोस, पण चॅनल बंद कर. सकाळी मराठी पेपर वाच आणि मग सव्वाआठचं आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐक. बातमी काय आहे हे आधीच ठाऊक असलं की डोकं अर्थामागे धावत नाही, कान मोकळा राहतो. तिथे ओरडाआरडाही नसतो.

तू कॉमर्सची, म्हणून आणखी एक. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वर्षातून सहा वेळा येतं. सकाळी दहाला गव्हर्नरांचं निवेदन यूट्यूबवर थेट असतं, आणि तोच मजकूर बँकेच्या वेबसाइटवर मिळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ६.२५ टक्के झाला, तेव्हाचं निवेदन काढ. 'ट्वेंटी फाइव्ह बेसिस पॉइंट्स', म्हणजे पाव टक्का, हे शब्द कानाने पकडायचा सराव आपोआप होईल. पण माझ्या मते खरा माल दुपारच्या पत्रकार परिषदेत आहे. निवेदन म्हणजे लिहिलेलं वाचून दाखवणं. पत्रकार परिषदेत माणसं अडखळतात, वाक्य अर्धं सोडून दुसरं सुरू करतात, एकाच दमात दोन प्रश्न विचारतात. तुझा सोमवारचा कॉल तसाच असणार. निवेदन कळायला लागल्यावर तिकडे वळ.

आता ऑफिसातलं. पूर्ण वाक्य निसटलं तरी बऱ्याचदा चालून जातं, आकडा आणि तारीख निसटली की चालत नाही. मी पहिल्या नोकरीत फोनवर ऑर्डर घ्यायचो. चेन्नईचा ग्राहक 'फिफ्टीन कार्टन्स' म्हणाला, मी पन्नास लिहिले. माल गेला, परत आला, आणि भाड्यावरून साहेबांनी जे ऐकवलं ते मात्र शब्दन् शब्द कळलं. तेव्हापासून आकडा उलट म्हणून दाखवतो: 'वन फाइव्ह, फिफ्टीन?' जोर कुठे पडतो तेही बघ. फिफ्टीनमध्ये बहुधा 'टीन' लांबतो, फिफ्टीमध्ये जोर पहिल्या 'फिफ्'वर असतो.

इंग्लंडच्या माणसाच्या काही खास खोड्या आहेत. तो 'हाफ फाइव्ह' म्हणाला तर साडेपाच, साडेचार नव्हे. 'फोर्टनाइट' म्हणजे चौदा दिवस. आपण पंधरवडा म्हणून पंधरा धरतो, आणि तुझ्या कामात पेमेंटची तारीख एका दिवसाने चुकणं परवडत नाही. 'लेट्स टेबल दिस' हे ब्रिटिश तोंडी आलं तर विषय चर्चेला घेऊ या. अमेरिकन म्हणाला तर नेमकं उलट, सध्या बाजूला ठेवू या. आणि 'आय ॲम अ बिट कन्सर्न्ड' ऐकून निर्धास्त होऊ नकोस. त्या 'बिट'मध्ये बराच राग मावतो.

न कळल्यावर नुसतं 'सॉरी, कम अगेन' म्हणू नकोस. समोरचा तेच वाक्य त्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि तू तिथेच राहतेस. जेवढं कळलं तेवढं म्हण आणि भोक कुठे आहे ते दाखव: 'द इन्व्हॉइस इज ऑन होल्ड बिकॉज ऑफ... सॉरी, बिकॉज ऑफ व्हॉट?' मग तो तेवढाच शब्द सावकाश सांगतो, आणि तू लक्ष देत होतीस हेही त्याला दिसतं. कॉल संपल्यावर ठरलेल्या मुद्द्यांचा चार ओळींचा ईमेल तू पाठव. ईमेल तुझा हातखंडा आहे. चूक असेल तर उत्तरात दुरुस्त होऊन येईल.

कॉल तुमच्या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट टीम्सवर असेल तर लाइव्ह कॅप्शन्स, म्हणजे बोललेलं लगेच स्क्रीनवर लिहून येणं, चालू करता येतात का ते टीम लीडना विचार. नावं आणि आकडे त्यात चुकतात, पूर्ण भरवसा ठेवू नकोस. स्वतःच्या मोबाइलवर मात्र कॉल रेकॉर्ड करू नकोस. क्लायंटचा डेटा आहे, सरावाच्या नादात नोकरी जायची.

या रीतीने नेटाने करणाऱ्यांना साधारण तीन-चार महिन्यांत फरक जाणवतो, असा माझा अनुभव. पहिले तीन आठवडे वही लाल गोलांनी भरेल आणि वैताग येईल.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. बँकेची परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे, पण तो निर्णय एखाद्या सोमवारच्या रात्री, कॉल बिघडल्यावर घेऊ नकोस. त्यांना सांग की दिवाळीपर्यंत थांबा. तोवर वहीची दोन पानं मला पाठव, एक पहिल्या आठवड्यातलं आणि एक तिसऱ्या महिन्यातलं.