'परिचारिका मनुष्यबळ' बरोबर आहे का, आणि 'जागा' म्हणजे नक्की कुठली जागा?

एका ताईंनी विचारलंय. त्या एका नर्सिंग कॉलेजसाठी पुढच्या दहा वर्षांचा आराखडा मराठीत लिहितायत आणि मसुद्याचं शीर्षक आहे 'भविष्यातील परिचारिका मनुष्यबळ आणि वाढीव जागा'. नर्सिंगला परिचर्या म्हणायचं, शुश्रूषा म्हणायचं की सरळ रुग्णसेवा, आणि 'परिचारिका मनुष्यबळ' कानाला खटकतंय ते का, असा त्यांचा प्रश्न.

ताई, खटकतंय ते बरोबरच खटकतंय. परिचारिका हा शब्द स्त्रीलिंगी, आणि आता बीएस्सी नर्सिंगला मुलगेही येतात, भरतीच्या जाहिरातीत अधिपरिचारक (म्हणजे स्टाफ नर्स) असंही लिहिलेलं असतं, मग दहा वर्षांनी लागणारी माणसं मोजताना शीर्षकातच अर्धी दारं बंद का करायची? मूळ संस्कृतात तर सुश्रुतसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत ते वैद्य, रोगी, औषध आणि परिचारक, म्हणजे शब्द पुल्लिंगी आहे. परि म्हणजे भोवती, चर् म्हणजे वावरणं. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात, रोग्याच्या भोवती सबंध ड्युटीभर वावरतं ते हेच माणूस, इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे. म्हणून विषयाचं नाव परिचर्या ठेवा, लिंगाचा प्रश्नच येत नाही. आपल्या राज्याची नर्सिंग कौन्सिलसुद्धा मराठीत महाराष्ट्र परिचर्या परिषदच आहे.

शुश्रूषा हा शब्द सुंदर आहे, पण तो श्रु धातूवरून आलाय, मूळ अर्थ ऐकायची इच्छा, त्यातून आज्ञेत राहणं आणि त्यातून सेवा. (बरेच जण सुश्रुषा लिहितात, पण पहिला शु आणि दुसरा श्रू दीर्घ.) घरी आईने आजीची केली ती शुश्रूषा. पण चार वर्षं शिकून, परिषदेत नोंदणी करून, औषधाचा डोस डोळ्यात तेल घालून तपासणाऱ्या माणसाच्या कामाला आज्ञाधारकपणाचा शब्द लावू नये असं मला मनापासून वाटतं. रुग्णसेवा त्याहून नको, कारण सेवा म्हटलं की त्याग आला आणि त्याग आला की पगार, रजा, ड्युटीचे तास याबद्दल बोलणं वाईट दिसायला लागतं.

शब्द बदलला की शिक्षण बदलतं का? जर्मनीत उलट झालंय, शिक्षण बदललं म्हणून शब्द बदलला. तिथे पूर्वी नर्सला क्रांकेनश्वेस्टर म्हणायचे, शब्दशः आजाऱ्यांची बहीण, म्हणजे आपली सिस्टरच की. २००४ मध्ये ते अधिकृत पदनाम गेलं. पुढे म्हाताऱ्या माणसांची, लहान मुलांची आणि इतर रुग्णांची परिचर्या शिकवणारे तीन वेगळे कोर्स होते ते २०२० पासून मुख्यतः एकत्र केले, कारण वृद्ध वाढणार आणि एकाच माणसाला हॉस्पिटल, वृद्धाश्रम, घर सगळीकडे काम करता यायला हवं, आणि पदनाम झालं फ्लेगेफाखफ्राउ किंवा फ्लेगेफाखमान, यातला फ्लेगे म्हणजे आपली परिचर्या. पेशंट अजूनही श्वेस्टर अशीच हाक मारतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये त्यांच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय त्यात आरोग्य क्षेत्रही आहे, म्हणजे आपल्या मुलामुलींना हा शब्द पाठ करावा लागणार आहे.

मनुष्यबळ शब्दाला माझी हरकत नाही, रुळलाय. माझा जीव अडकतो तो जागा या शब्दात. मराठीत कॉलेजातल्या प्रवेशाचीही जागा आणि नोकरीचीही जागा. 'नर्सिंगच्या जागा वाढल्या' हे वाचून गावातल्या आईला वाटतं पोरीला नोकरी मिळणार, आणि वाढलेली असते ती प्रवेशक्षमता. २०२३ मध्ये केंद्राने १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, दरवर्षी साधारण १५,७०० पदवीधर बाहेर पडतील असा हिशोब, या झाल्या पहिल्या अर्थाच्या जागा. दुसऱ्या अर्थाच्या जागा, म्हणजे हॉस्पिटलातली मंजूर पदं, त्या वेगळ्या फाइलीत, आणि मंजूर पद म्हणजे भरलेलं पद नव्हे हे तिसरंच. माझी मावशी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होती, ती सांगायची की रात्रपाळीला एका वॉर्डात ती एकटी आणि पेशंट चाळीस, आणि कागदावर मात्र त्या वॉर्डाला तीन पदं. मावशीच्या त्या रात्री जागा या एका शब्दाखाली झाकल्या जातात म्हणून मी इतकं लिहितेय.

म्हणून आराखड्यात जागा हा शब्द एकटा कुठेही ठेवू नका, प्रवेशक्षमता, मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं असं फोडून लिहा. आणि पाठ्यनिर्देशिका विसरू नका, हा सिस्टर ट्यूटरसाठी, म्हणजे नर्सिंग शिकवणाऱ्या शिक्षिकेसाठी, आपला सरकारी शब्द, आराखड्यांत तो सगळ्यात आधी गळतो. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हा भारतीय नर्सिंग कौन्सिलचा निकष धरला तर साठ प्रवेशक्षमतेच्या कॉलेजात चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी आणि २४ शिक्षक लागतात, ती माणसं आज एमएस्सीला बसली असतील तरच पुढे मिळतील.

अजून एक, मसुद्यात 'नर्सिंग होममध्ये प्रात्यक्षिक' लिहिलंय. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं खाजगी हॉस्पिटल, १९४९ च्या नोंदणी कायद्याचं नावही तेच, पण इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ वृद्धांचं परिचर्यागृह. तुम्हाला वृद्धांची परिचर्या शिकवायची असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर मुलं बाळंतपणाच्या वॉर्डात पोचतील.

शीर्षक मी असं करेन: 'पुढील दहा वर्षांची परिचर्या: लागणारी माणसं, प्रवेशक्षमता आणि पदं'. आणि आत मुलाखती असतील तर पेशंटच्या तोंडी सिस्टर, ब्रदर, मावशी जसं आलंय तसंच राहू द्या, ते बदलू नका.