अखिल भारतीय समाजशास्त्र परिषदेला जाऊन खरंच काही मिळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.पर्यंत सगळं मराठीत शिकलात, आता पीएच.डी.चं दुसरं वर्ष चालू आहे, कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवता. गाईड म्हणतात यंदा अखिल भारतीय समाजशास्त्र परिषदेत पेपर वाच. प्रवास, नोंदणी, राहणं सगळं स्वतःच्या खिशातून. इंग्रजीत बोलायची धास्ती वाटते. तर जावं का, की हा सगळा खटाटोप एका प्रमाणपत्रापुरताच असतो?

जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी अवस्था तुमच्यासारखीच होती, म्हणून आधी तेच सांगतो.

माझा विषय ऊसतोड मजूर. अधिवेशन बरेचदा डिसेंबरच्या अखेरीस असतं, आणि तेव्हा इकडे गळीत हंगाम ऐन भरात असतो. कारखान्याजवळच्या तळावर, मजुरांच्या कोप्यांमध्ये (पाचटाच्या झोपड्यांत) तीन आठवडे काढून मी तसाच रेल्वेत बसलो. पेपर इंग्रजीत लिहिलेला. गाईडनी तपासला होता, एका मित्राने व्याकरण सुधारलं होतं, आणि मी तो आरशासमोर उभं राहून निदान दहा वेळा वाचला होता. उत्तरेकडचं विद्यापीठ, कडाक्याची थंडी, ग्रामीण समाजावरचं सत्र, खोलीत मोजून अकरा माणसं. उद्घाटन लांबल्यामुळे सगळंच मागे पडलं होतं. सत्राध्यक्षांनी आठ मिनिटं दिली. मी मान वर न करता वाचून काढलं आणि खाली बसलो. वाटलं, संपलं.

मागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसलेले एक वयस्कर प्राध्यापक उभे राहिले. पश्चिम ओडिशातले. त्यांनी हिंदीत विचारलं, "मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा कंत्राटदार, जेव्हा पैसे देतो, तेव्हा तो काय मोजून देतो? एक माणूस, एक कुटुंब, की आणखी काही?"

मी म्हटलं, "कोयता."

"म्हणजे?"

"म्हणजे ऊस तोडायचं हत्यार. पण हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता."

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे तुमच्या पेपरात कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. मी सगळीकडे 'हाउसहोल्ड' लिहिलं होतं. तीन आठवडे ज्या शब्दाशिवाय तळावर एकही बोलणं पुढे जात नव्हतं, तो शब्द मीच पेपरातून काढून टाकला होता. गावठी वाटेल, तिथे कोणाला कळणार नाही, या भीतीने.

सत्र संपल्यावर ते मला बाहेर घेऊन आले. पायऱ्यांवर बसून चहा घेता घेता त्यांनी बलांगीर जिल्ह्यातून हैदराबादकडे वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या लोकांबद्दल सांगितलं. तिकडे आगाऊ रक्कम घेऊन कामाला जाणाऱ्या मजुराला 'दादन' म्हणतात. आणि भट्टीवर जी एक तुकडी मोजली जाते तिला 'पथुरिया': नवरा, बायको आणि एखाद-दुसरं मूल. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेनने दोन रकाने पाडले. एकावर 'कोयता' लिहिलं, दुसऱ्यावर 'पथुरिया'. मग मला एकेक विचारत गेले. उचल कोणाच्या नावावर? पोरं कुठे असतात? पोरं काम करतात का? करतात तर मोजली जातात का?

इथे मी अडखळलो. पथुरियात मूल हिशेबात धरलेलं, कारण विटा उलटायला, वाळवायला त्याचे हात लागतात. कोयत्यात मूल हिशेबात नाही. पण आठ-दहा वर्षांची पोरगी पहाटे उसाच्या फडात वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, हे मी रोज बघत होतो. ते माझ्या वहीत 'दिनक्रम' या मथळ्याखाली पडून होतं. श्रम म्हणून मी ते मोजलंच नव्हतं. ओडिशातला तो रकाना समोर आला नसता तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

परत आल्यावर मी त्याच तळावर गेलो आणि बायकांना नवे प्रश्न विचारले. एक बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, "कोयता दोघांचा, उचल त्याच्या नावावर, अन् फेडायची दोघांनी." माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे.

म्हणून विचारता ना, काय मिळतं? दुसऱ्या प्रांतातला, तुमच्याच विषयाशी दहा-वीस वर्षं झुंजलेला माणूस मिळतो. तुमच्या कॉलेजात तो नाही, जिल्ह्यातही बहुधा नाही. तुमचा गाईड कितीही चांगला असला तरी तो तुमच्याच मुलखातला. जे आपल्याला रोजचं असतं ते आपल्याला दिसत नाही, आणि ते दाखवायला बाहेरचा पण जाणकार माणूस लागतो. तो गाठायचा म्हणजे पुस्तकांपेक्षा अशा पायऱ्यांवरच गाठ पडण्याची शक्यता जास्त.

आता भाषेचं. तुमच्या प्रश्नात हीच भीती सगळ्यात मोठी दिसली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही परिषद ज्या संस्थेची, ती इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी, १९५१ मध्ये मुंबईत स्थापन झाली ती समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या पुढाकाराने. घुर्ये मूळचे मालवणचे. १९५२ पासून संस्थेचं 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' हे नियतकालिक निघू लागलं आणि ते आजही चालू आहे. वार्षिक परिषदेची सुरुवात मात्र वेगळी, उत्तरेतल्या प्राध्यापकांनी केलेली. पहिली अखिल भारतीय समाजशास्त्र परिषद १९५५ मध्ये डेहराडूनला भरली. पुढे १९६७ मध्ये हे दोन प्रवाह एकत्र आले.

त्या डेहराडूनच्या परिषदेत लखनौचे समाजशास्त्रज्ञ धूर्जटी प्रसाद मुखर्जी यांनी जे भाषण केलं, ते जाण्याआधी मिळवून वाचाच. त्यांचं म्हणणं असं की भारतातल्या समाजशास्त्रज्ञाने नुसतं समाजशास्त्रज्ञ असून भागणार नाही. इथल्या लोकांच्या चालीरीती, रूढी, परंपरा त्याला आतून माहीत हव्यात. आणि त्यासाठी संस्कृत, फारसी, अरबी जशा हव्यात, तशाच स्थानिक बोलीही हव्यात. पहिल्याच परिषदेत हे सांगितलं गेलं. तुम्ही ज्याला उणीव समजताय, तळावरच्या बाईशी तिच्याच बोलीत बोलता येणं, ते त्या भाषणानुसार या कामाचं भांडवल आहे.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात शिकवत, जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांत त्यांचा दबदबा होता, आणि वारीवरचा त्यांचा लेख मुळात मराठीत लिहिलेला. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायला वेगळ्या बसतात, हे त्यांनी त्यात स्वतःच्या मनाला झालेल्या त्रासासकट नोंदवलं. तो लेख १९६२ मध्ये भाषांतर होऊन 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'मध्ये आला. आधी मराठीत नीट दिसलं, म्हणून इंग्रजीत नीट उतरलं.

म्हणजे इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. सारांश बहुतेक इंग्रजीतच जाईल. पण लोकांचे शब्द जसेच्या तसे ठेवा, पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ द्या, आणि पुढे तेच वापरा. वाचून दाखवण्याऐवजी सांगा. चर्चेत अडलं तर सरळ हिंदीत बोला. बऱ्याच सत्रांत लोक तसं करतात. कोणी नाक मुरडलंच तर मुरडू द्या. तुमच्या विषयातला माणूस नाक मुरडत नाही, तो पुढचा प्रश्न विचारतो.

प्रत्यक्षात काय चालतं, तेही सांगतो. पहिला दिवस उद्घाटन, सत्कार, अध्यक्षीय भाषण यात जातो. भाषण ऐका, बाकीच्या वेळात कार्यक्रमपत्रिका घेऊन बसा. खरं काम रिसर्च कमिट्यांच्या समांतर सत्रांत होतं. ग्रामीण आणि आदिवासी समाज, स्थलांतर, शिक्षण, स्त्रीप्रश्न अशा विषयवार वीसहून जास्त कमिट्या आहेत. सारांश कोणत्या कमिटीकडे पाठवता यावर तुमचे श्रोते ठरतात, म्हणून तिथे घाई करू नका. मी पेपर स्थलांतराच्या कमिटीकडे पाठवला असता तर वीटभट्टीवाले प्राध्यापक कदाचित भेटलेच नसते. आधीच्या एक-दोन वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका मिळवा, तुमच्या विषयाजवळची नावं कोणत्या सत्रात आहेत ते बघा आणि तिकडेच पाठवा. संयोजकांना आधी एक साधं पत्र लिहिलंत तर उत्तम. स्वतःचं सत्र झाल्यावर निघून जाऊ नका. आपला पेपर झाला की बॅग उचलून शहर बघायला जाणारे पुष्कळ, आणि त्यामुळे शेवटच्या वक्त्यासमोर चारच माणसं उरतात. तुम्ही त्या चारांत बसा. त्याला एक नीट प्रश्न विचारा. तो माणूस तुम्हाला जन्मभर विसरत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर तुमची शंका रास्त आहे. नोकरीत आणि बढतीत गुण मोजले जाऊ लागले तेव्हापासून चर्चासत्रांचं पेव फुटलं. मी स्वतः एका कॉलेजातल्या एकदिवसीय 'राष्ट्रीय' चर्चासत्राला गेलो होतो. सकाळी नोंदणीच्या टेबलावरच प्रमाणपत्र हातात दिलं. दुपारी जेवणानंतर एका खोलीत सव्वीस जणांचे पेपर, प्रत्येकी दोन मिनिटं. एका मुलीने दोन वर्षं देवदासींच्या मुलांवर काम केलेलं. तिने पहिली स्लाईड लावली आणि घंटा वाजली. ती काही न बोलता जागेवर येऊन बसली. मला आजही त्याचा राग येतो. दोन वर्षांच्या कामाला कोणी एक प्रश्नही विचारू नये, हा त्या कामाचा आणि ज्या बायकांनी तिला आपलं सांगितलं त्यांचाही अपमान आहे. अशा ठिकाणी पैसे घालवू नका. अखिल भारतीय परिषदेतही ढिसाळपणा असतो, वेळा कोलमडतात, काही सत्रं पोकळ निघतात. पण तिथे तुमच्या विषयात मुरलेली माणसं त्याच आवारात तीन दिवस असतात. आपण होऊन जाऊन भेटलं तर ती बोलतात.

खर्च. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. कायम प्राध्यापकाला ड्यूटी लीव्ह मिळते, कुठे कुठे प्रवासभत्ताही मिळतो. सीएचबीवाल्याचे मात्र त्या दिवसांचे तासही जातात आणि पैसेही. हा अन्याय आहे, आणि ज्यांच्याकडून सगळ्यात ताजं फील्डवर्क यायला हवं त्यांनाच तो दाराबाहेर ठेवतो. तोवर जमेल ते असं: संशोधक विद्यार्थी म्हणून नोंदणी करा, त्यांचं शुल्क साधारणपणे कमी असतं. विद्यापीठाच्या विभागात विद्यार्थ्यांसाठी प्रवास अनुदान आहे का ते लेखी अर्ज करून विचारा. राहण्यासाठी वसतिगृहाची सोय मागा, हॉटेल नको. मुली दोघी-तिघी मिळून गेल्या तर प्रवासही सोपा होतो आणि रात्री खोलीत जी चर्चा होते ती सत्रापेक्षा चांगली होते, असं माझ्या विद्यार्थिनी सांगतात.

आणि यंदा पैशांचं जमलंच नाही, तर मराठी समाजशास्त्र परिषदेच्या अधिवेशनाला जा. ते महाराष्ट्रातच भरतं, एसटीने जाता येतं, पेपर मराठीत वाचता येतो. माझ्या मते पहिला पेपर तिथे आणि दुसरा अखिल भारतीय परिषदेत, हा क्रम उलट क्रमापेक्षा चांगला. मराठीत उलटसुलट प्रश्न झेलून झाले की इंग्रजीत उभं राहताना पाय कापत नाहीत, कारण आपलं म्हणणं काय आहे हे तोवर पक्कं झालेलं असतं.

एक काम मात्र आजच करा. तुमच्या फील्डवर्कच्या वह्या काढा आणि लोकांनी वापरलेले असे दहा शब्द लिहून काढा, ज्यांना पुस्तकात प्रतिशब्द सापडत नाही. प्रत्येकासमोर तो कोणी, कोणाला, कधी म्हटला ते लिहा. सारांशाचा पहिला खर्डा त्या यादीवरून मराठीत करा, मगच इंग्रजीकडे वळा. तो खर्डा इथे उत्तराखाली टाकलात तर मी वाचून काय वाटतं ते कळवेन. तुमचा विषय कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेही सांगा.