स्कॉटलंडच्या इतिहासात 1843 या वर्षी कोणत्या महत्त्वाच्या घटना घडल्या?

माझ्या मते त्या वर्षातील सर्वांत मोठी घटना 18 मे रोजी एडिनबरात घडली. चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा भरली असता मावळते अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी नेहमीचे कामकाज सुरू न करता निषेधपत्र वाचले, राणीच्या प्रतिनिधीला अभिवादन केले आणि ते सभेतून बाहेर पडले. या बंडाचे नेते, धर्मगुरू थॉमस चाल्मर्स आणि दोनशेच्या आसपास सभासद त्यांच्यामागोमाग निघाले आणि टॅनफील्ड सभागृहात जाऊन त्यांनी फ्री चर्च स्थापन केले.

वाद होता पाळक, म्हणजे गावच्या चर्चचा धर्मगुरू, कोणी नेमायचा याचा. 1712 च्या कायद्याने तो अधिकार प्रामुख्याने जमीनदारांच्या हाती गेला होता. ऑक्टरार्डर गावातील 330 कुटुंबप्रमुखांपैकी 287 जणांनी जमीनदाराचा उमेदवार नाकारला, तरी 1839 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने निकाल गावकऱ्यांच्या विरोधात दिला. सुमारे 1,200 पाळकांपैकी 474 जणांनी चर्च सोडले, म्हणजे पगार आणि राहते घरही सोडले. काही जमीनदारांनी नव्या चर्चला जागाच नाकारल्यामुळे स्ट्राँशियनच्या लोकांनी पुढे 1846 मध्ये चक्क पाण्यावर तरंगणारे प्रार्थनामंदिर बांधून घेतले. हा धर्मापेक्षा जमिनीच्या सत्तेचाच झगडा अधिक होता, असे मला वाटते.

या फुटीचे चित्र काढण्यासाठी चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांना शेकडो चेहरे हवे होते, म्हणून ते छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन यांच्याबरोबर छायाचित्रे घेऊ लागले. चित्र पुरे व्हायला 1866 उजाडले. आज मात्र चित्रापेक्षा ती छायाचित्रेच अधिक नावाजली जातात.

त्याच वर्षी जानेवारीत ग्लासगोच्या डॅनियल मॅकनॉटनने लंडनमध्ये पंतप्रधानांच्या सचिवावर गोळी झाडली. वेडसरपणाच्या आधारे तो शिक्षेतून सुटला आणि त्यातून निघालेले, वेडाच्या भरात केलेल्या गुन्ह्याबाबतचे नियम 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 84 पर्यंत पोहोचले.

एडिनबरातील फुटीचे पडसाद आपल्याकडेही उमटले. भारतातील स्कॉटिश मिशनऱ्यांनी फ्री चर्चची बाजू घेतली. कलकत्त्याच्या अलेक्झांडर डफ यांना त्यापायी शाळेची इमारत आणि ग्रंथालय सोडावे लागले. ज्यांच्या नावाने मुंबईचे विल्सन कॉलेज ओळखले जाते, ते जॉन विल्सनही त्याच बाजूला गेले, आणि नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांना पुढच्या दोन वर्षांत याच फ्री चर्चने नागपुरास धाडले.